बारा खोल्यांची चाळ आणि दोन नावाडी

फार फार पूर्वीची गोष्ट. तेव्हा मोठ्या नद्यांवर पूल नव्हते आणि पलीकडे जायचं तर काठावर उभं राहून नावाड्याला हाक मारावी लागे. मुलांनो, नीट ऐका. आणि मुलांच्या मागे बसून, आपण ऐकतच नाही असं दाखवणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही जरा जास्तच नीट ऐका.

एका राज्यात अशीच एक रुंद नदी होती. तिच्या घाटावर दोन नावा चालत. एक खेमाजीची, दुसरी राणोजीची. तीस वर्षं दोघांनी एकाच पाण्यावर वल्ही मारली. एकाची नाव भरली की उरलेली माणसं तो दुसऱ्याकडे पाठवी. दोघांत कधी भांडण झालं नाही.

पुढे राजाने नदीवर दगडी पूल बांधायला घेतला. काम तीन वर्षं चाललं. पूल पुरा होत आला, तेव्हा माघ महिन्यात राजाने दोघा नावाड्यांना बोलावून घेतलं.

राजा म्हणाला, "अक्षय तृतीयेला पूल खुला होईल. त्या दिवसापासून तुमच्या नावेत कोणी बसणार नाही. तुमची भाकरी मी काढून घेतो आहे, तर तिची भरपाईही मीच करायला हवी."

आणि त्याने दोघांना शंभर-शंभर होन दिले.

खेमाजीने एवढं सोनं जन्मात पाहिलं नव्हतं. पण त्याची साठी उलटली होती, गुडघे गेले होते, मूलबाळ नव्हतं. बायको ठकूबाई सुकी मासळी विकायची, तिचंही वय झालं होतं. शंभर होन बसून खाल्ले तर एक दिवस संपणार, हे दोघांना कळत होतं.

गावात जो तो एकच सल्ला देई. "जागा घ्या. भाडेकरू ठेवा. दर महिन्याला भाडं घरी येईल आणि मूळ पैसा जागच्या जागी राहील."

सल्ला चांगला होता. पण खेमाजीने आयुष्यात एका नावेपलीकडे काही विकत घेतलेलं नव्हतं. नाव घेताना तळ ठोकून बघायचा, एवढं त्याला ठाऊक होतं. घर घेताना काय ठोकून बघायचं असतं?

गुळाचा वास मुंगीला लागतो आणि पैशाचा वास दलालाला. चौथ्याच दिवशी एक दलाल खेमाजीच्या अंगणात येऊन बसला. अंगरखा स्वच्छ, बोलणं मऊ.

"खेमाजीराव, पुलाच्या तोंडाशी नवी पेठ वसते आहे. तिथे बारा खोल्यांची चाळ विकाऊ आहे. पक्क्या भिंती, दारात विहीर. बाराच्या बारा खोल्या भरलेल्या. वर्षाला चोवीस होन भाडं येतं. किंमत शंभर होन. चार वर्षांत तुमचे पैसे फिटले, पुढे सगळं तुमचं."

चोवीस होन! दोन माणसांना वर्षाच्या दाण्यागोट्याला चार होन पुरत असत. खेमाजीचे डोळे चमकले.

ठकूबाई आतून ऐकत होती. दलाल गेल्यावर ती बाहेर आली.

"अहो, दुभती म्हैस कोण विकतं?"

"गरज पडली की विकतात."

"पडली असेल गरज. पण कसली, ते त्यानं सांगितलं नाही."

खेमाजी चिडला. पण तीस वर्षं पाण्यावर काढलेला माणूस होता. वरून शांत दिसणाऱ्या पाण्यात पाय टाकायचा नसतो, हे त्याच्या अंगात मुरलेलं होतं. त्याने दलालाकडून आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि दुसऱ्या दिवसापासून शोध सुरू केला.

आधी तो पाटलाकडे गेला. जागा कोणाची, कागद कोणाचा, कोणाचा वाद आहे का? पाटील म्हणाला, "वाद नाही, कागद सरळ आहे."

मग त्याने विहिरीचं पाणी चाखून पाहिलं. गोड होतं. भिंतींना नख लावून पाहिलं. चुना पक्का होता. पावसाळ्यात पाणी कुठवर चढतं ते त्याला कोणाला विचारावंच लागलं नाही. नदी त्याचीच होती. चाळ उंचावर होती.

शेवटी तो खोल्यांच्या दारांवरून फिरला. दलालाने भाडोत्री माणसं आणून बसवली असतील, असा त्याला दाट संशय होता. पण बाराही खोल्यांत खरी माणसं होती. चुली पेटत होत्या, दोऱ्यांवर धोतरं वाळत होती. भाडं किती देता म्हटल्यावर प्रत्येकाने तोच आकडा सांगितला, जो दलालाने सांगितला होता.

सहा दिवस खेमाजीने खोटं शोधलं. त्याला एकही खोटं सापडलं नाही.

आणि गंमत अशी, की जसजसं काही सापडेना तसतसा त्याचा जीव जास्तच खालीवर होऊ लागला. सगळं खरं असेल तर मन का मानत नाही? मग तो स्वतःवरच वैतागला. "आपण म्हातारे झालो," तो ठकूबाईला म्हणाला. "सावलीला भितो आहोत. उद्या जाऊन विसार देतो."

संध्याकाळी ठकूबाई टोपली घेऊन त्याच चाळीत सुकट विकायला गेली, आणि दिवेलागणीला रिकामी टोपली घेऊन परत आली.

"बघ," खेमाजी म्हणाला, "तुझा माल संपला. माणसं खाऊनपिऊन सुखी आहेत."

"आहेत. पैसेही लगेच दिले. मी म्हटलं, राहू द्या, पुढच्या बाजारी द्या. बारा खोल्यांपैकी एकानंही उधार घेतलं नाही."

"मग चांगलंच की. असे भाडेकरू कुठे मिळतात?"

"अहो, या गावात पाटलीणबाईसुद्धा माझ्याकडून सुकट उधारीवर नेते. जो इथेच राहणार तो उधार घेतो, कारण उद्या द्यायचं असतं. या माणसांना उद्या द्यायचं का नको आहे?"

खेमाजीने हातातला घास तसाच ताटात ठेवला.

सकाळी विसाराचे होन घरीच ठेवून तो चाळीत गेला. पहिल्या खोलीच्या दारात एक मध्यमवयीन माणूस छिन्नीला धार लावत बसला होता. त्याच्या भुवयांवर दगडाची पांढरी धूळ होती. खेमाजी त्याच्या शेजारी टेकला.

"पाथरवट का तुम्ही?"

"सगळेच. बाराही खोल्यांत आम्हीच आहोत. पुलाचे दगड घडवतो."

"आणि पूल झाल्यावर?"

"पुढचा पूल. इथून सात दिवसांच्या वाटेवर आहे. अक्षय तृतीयेला इथला पूल खुला झाला की दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. काम तिथे माणूस. म्हणून तर कोणाची उधारी ठेवत नाही, बाबा. लोकांचे पैसे बुडवून गेलेला पाथरवट दुसऱ्या गावी तोंड कसं दाखवणार?"

पूल पुरा झाला की आपली नाव बंद पडणार, हे राजाने खेमाजीला तोंडावर सांगितलं होतं. त्याच दिवशी ही चाळही रिकामी होणार, हे मात्र त्याच्या मनात एकदाही आलं नव्हतं. अडीच महिने! चोवीस होनांच्या भाड्याचं आयुष्य अडीच महिन्यांचं होतं.

त्याने दलालाला गाठलं.

"तुम्ही मला हे सांगितलं नाहीत."

दलाल जरासुद्धा गडबडला नाही. "खेमाजीराव, मी एक तरी शब्द खोटा बोललो का?"

"नाही."

"भाडं किती येतं, ते तुम्ही विचारलंत. मी सांगितलं. भाडं कुठवर येईल, ते तुम्ही विचारलं नाहीत. आणि नवी पेठ आहे, दुसरे भाडेकरू येतीलही."

"येतील. किंवा येणार नाहीत."

"तेही खरं," दलाल हसून म्हणाला, आणि उठून गेला.

तो कुठे गेला असेल, हे सांगायला नको. राजाने शंभर होन दोघांना दिले होते.

दोन दिवसांनी ठकूबाई बाजारातून ऐकून आली, की ती चाळ राणोजी घेतो आहे. खेमाजी दुखरे गुडघे घेऊन तसाच राणोजीच्या घरी गेला. राणोजीने त्याला बसायला घोंगडी टाकली, पण नेहमीसारखं हसून नाही.

"राणू, ती चाळ घेऊ नकोस. सगळे पाथरवट आहेत. पूल झाला की जाणार."

राणोजी पाण्याचा तांब्या पुढे सरकवत म्हणाला, "तू पाहिलीस ना ती?"

"सहा दिवस पाहिली."

"नावडती जागा सहा दिवस कोणी पाहत नाही, खेमा. दलालानं मला आधीच सांगून ठेवलं आहे. दुसरं एक गिऱ्हाईक जागेला नावं ठेवत फिरतंय, भाव पडावा म्हणून. नाव सांगितलं नाही त्यानं. आता कळलं."

तीस वर्षांत या माणसाने खेमाजीकडे असं कधी पाहिलं नव्हतं.

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," तो म्हणाला. "तू स्वतः जा. पहिल्या खोलीतल्या माणसाला विचार."

"त्याला तू पढवून ठेवलं नसशील कशावरून?"

"मग दुसऱ्या खोलीत विचार. तिसऱ्या खोलीत विचार."

"मी कशाला दारोदार फिरू? मला दिसतंय ते पुरेसं आहे. भाड्याचे दोन होन दलालानं माझ्या देखत मोजून घेतले."

राणोजी उठून आत गेला. खेमाजीही उठून घरी निघाला. त्याच दिवशी राणोजीने शंभर होन मोजले आणि बारा खोल्यांचा मालक झाला.

आता तुम्ही म्हणाल, खेमाजी शहाणा ठरला. तसं नाही. त्याला त्या दिवसापासून एक निराळंच दुखणं जडलं. त्याला सगळ्यांचाच संशय येऊ लागला. मेव्हण्याने एक दुकान सुचवलं, तर याला वाटलं, यात त्याचा वाटा असणार. शेजाऱ्याने एक परडं दाखवलं, तर हा जागा बघायलाही गेला नाही. शंभर होन त्याने चुलीमागे पुरून ठेवले, आणि ठकूबाई चुलीपाशी जरा जास्त वेळ बसली तरी तो मान वळवून बघू लागला.

एकदा तिने ते पाहिलं. फुंकणी खाली ठेवून ती म्हणाली, "माझाही?"

खेमाजीची मान खाली गेली.

"संशय घेणं वाईट नाही," ती म्हणाली. "चाळीचा घेतलात, म्हणून वाचलो. पण तेव्हा तुम्ही उठून बघायला जात होता. आता नुसते बसून राहता."

दुसऱ्या दिवशी तो काठी घेऊन बाहेर पडला.

गावाच्या दुसऱ्या टोकाला बैलबाजार भरे. त्याच्या कडेला अंबूबाई नावाच्या म्हाताऱ्या तेलिणीच्या चार जुनाट खोल्या होत्या. कौलं काळी पडलेली, ओटा खचलेला. अंबूबाईला दिसेनासं झालं होतं आणि ती लेकीकडे राहायला निघाली होती. खेमाजीने विचारायच्या आधीच तिने सांगून टाकलं.

"तीन खोल्या भरलेल्या आहेत. चौथी वर्षभर रिकामी आहे. तिच्या मागच्या भिंतीला ओल येते. छप्पर दर दोन वर्षांनी शाकारावं लागतं. तिन्हींचं मिळून वर्षाला आठ होन येतात. किंमत सत्तर."

खेमाजीच्या मनात पाल चुकचुकली. स्वतःच्या मालाचा दोष कोणी स्वतःहून सांगतं का? लहान दोष दाखवून म्हातारी मोठा दोष झाकत असेल.

पण या वेळी तो घरी जाऊन बसला नाही. तो भाडेकरूंकडे गेला. भाडं किती देता, हे त्याने विचारलंच नाही. त्याने विचारलं, "तुम्ही इथे का राहता? आणि कधी सोडून जाल?"

पहिल्या खोलीत बैलांच्या खुरांना नाल ठोकणारा नालबंद होता. तो म्हणाला, "बैलबाजार दारात आहे. बाजार हलला तर मी हलेन."

खेमाजी पाटलाकडे गेला. बाजार हलणार आहे का? पाटील म्हणाला, "उलट, पुलावरून पलीकडच्या गाड्याही इकडेच येणार."

दुसऱ्या खोलीत एक सुईण राहत होती. अठरा वर्षं. "वीस गावांतल्या बायांना हे दार ठाऊक आहे," ती म्हणाली. "बाळंतवेणा सुरू झाल्यावर माझं नवं घर कोण शोधत बसेल? मी मरेपर्यंत इथेच."

तिसऱ्या खोलीत कासार होता. त्याने हात जोडले. "मालक कोणीही होवो, पण आधी छप्पर बघा. गेल्या साली माझ्या बांगड्यांच्या पेटीत पाणी गेलं." खेमाजीने शिडी मागून घेतली आणि दुखऱ्या गुडघ्यांनी वर चढून कौलं स्वतः पाहिली. दोन वासे कुजले होते. हे म्हातारीने सांगितलं नव्हतं. तिला दिसत नव्हतं, की तिने लपवलं होतं? खेमाजी तिच्याकडे गेला.

"अंबूबाई, दोन वासे गेले आहेत."

"मला एकच ठाऊक होता," ती म्हणाली. "तो सांगायचं माझ्या जिवावर आलं. साठ द्या."

मग घरी येऊन नवरा-बायकोने हिशेबाला चिंचोके मांडले. आठ होन भाडं. त्यातून छपरासाठी बाजूला एक. राजाच्या करापोटी एक. एखादी खोली मध्येच रिकामी पडली तर, म्हणून आणखी एक. उरले पाच. दाण्यागोट्याला चार.

"एकच होन वर राहतो," खेमाजी म्हणाला.

"राहतो ना?" ठकूबाई म्हणाली. "दर वर्षी राहतो. आणि चाळीस होन अजून हातात आहेत. वासे बदला."

त्यांनी जागा घेतली. खेमाजीने वासे बदलले, ओटा बांधला, चौथ्या खोलीच्या भिंतीलगत चर खणून ओलीची वाट काढून दिली. ती खोली मात्र त्या साली रिकामीच राहिली.

अक्षय तृतीया आली. राजा हत्तीवरून आला, पुलावर नारळ फुटले, लोकांनी पहिल्यांदाच पाय न भिजवता नदी ओलांडली. दुसऱ्या दिवशी पहाटे बाराही खोल्यांतले पाथरवट छिन्न्या-हातोडे गाढवांवर लादून निघून गेले. जाताना त्यांनी खोल्या झाडून दिल्या आणि शेवटचं भाडं राणोजीच्या हातात मोजून ठेवलं.

राणोजीने महिनाभर वाट पाहिली. मग दोन महिने. नव्या पेठेत दुकानं हळूहळू उघडत होती, पण व्यापारी राहायला जुन्या गावातच परत जात. बायकामुलांना शेजार म्हणून तिथे अजून कोणीच नव्हतं. कर मात्र बारा खोल्यांचा भरावा लागे. पावसाळा सरल्यावर राणोजीने ती चाळ एका कापूसवाल्याला गोदामासाठी तीस होनांना विकली. घेणाऱ्याला तो भाव देताना लाज वाटली नाही, आणि राणोजीला नाही म्हणायची सोय नव्हती.

त्यानंतर एका बाजाराच्या दिवशी राणोजी बैलबाजारात आला. आता तो गाड्यांवर ओझी चढवायचं काम करत होता. खेमाजी आपल्या ओट्यावर बसला होता. दोघांची नजरानजर झाली. खेमाजी सरकून बसला आणि राणोजी त्याच्या शेजारी टेकला.

ठकूबाईने दोघांना ताक आणून दिलं.

"मला वाटलं होतं, तू पुन्हा येशील सांगायला," राणोजी म्हणाला.

"एकदा सांगितलं होतं, राणू."

"सांगितलं होतंस." राणोजीने हातातल्या वाटीकडे पाहिलं. "खरं सांगू? माझं मन तेव्हा डळमळीतच होतं. तू नको म्हणालास, आणि तेव्हाच मी पक्कं ठरवलं."

पलीकडे एका गाडीवानाने ओझ्यासाठी हाक मारली. राणोजी ताक संपवून उठला. खेमाजी म्हणाला, "चौथी खोली आता कोरडी आहे. पाहिजे तर राहा." राणोजी थांबला, पण मागे वळला नाही. तो गाडीकडे निघून गेला.

तो राहायला आला की नाही, ते गोष्टीत नाही. पण म्हातारी माणसं मुलांना ही गोष्ट सांगत, तेव्हा शेवटी एवढंच सांगत:

संशय माणसावर धरून घरी बसू नये. तो बोलण्यावर घ्यावा, आणि जागेवर जाऊन फेडून घ्यावा.